चारी उंचावरून जाते

लंकाबाई थेट्यांचं मत उभ्या आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे एप्रिलमधल्या एका सकाळी चैताली पगारे नावाची मुलगी चारपानी फॉर्म घेऊन त्यांच्या ओट्यावर आली आणि "आजी, तुमचं मत हवंय," म्हणाली, तेव्हा त्यांनी आधी मागं वळून पाहिलं. मागं शेळी बांधली होती. शेळीचं मत घ्यायला कुणी उन्हातान्हातून येणार नाही, एवढा हिशेब त्यांना येत होता.

"माझं?" त्या म्हणाल्या. "बस मग. पण आधी पाणी पी. तोंड बघ कसं लाल झालंय."

चैताली सातपूरची. वडील कारखान्यात पाळीवर जाणारे, आई अंगणवाडीत. पोरगी भूगोल घेऊन बी.ए. झाली आणि मग शहरातल्या एका कॉलेजात तिनं दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. इमारती उभारणारे, रस्ते-चौक आखणारे आणि अख्ख्या शहराचं नियोजन करणारे अशा सगळ्यांना तिथं एकाच वर्गात बसवतात. कल्पना झकास आहे. इमारतवाल्याला गल्ली दिसावी, गल्लीवाल्याला शहर दिसावं, आणि शहरवाल्याला माणूस दिसावा. म्हणून तिथं आर्किटेक्ट येतात, सिव्हिल इंजिनियर येतात, भूगोलवाले, समाजकार्यवालेही येतात. व्हायचं मात्र असं की आर्किटेक्ट मंडळी चित्रं काढायची आणि उरलेल्यांच्या हाती फॉर्म द्यायची. चैतालीला सरळ रेघ ओढता येत नसे. तेव्हा गेले सहा महिने ती दारोदार फॉर्म भरत हिंडत होती आणि आपण चुकून या वर्गात आलो, असं रोज एकदा तरी तिला वाटायचं.

यंदा त्यांच्या गटाला मखमलाबादच्या अलीकडचा पट्टा मिळाला होता. काल-परवापर्यंत तिथं भाजी आणि फुलं होती, आता प्लॉट पडत होते. सिंहस्थ जवळ आला की शहराला आपल्या रस्त्यांची आठवण होते, तशी या भागाचीही झाली होती. रस्ता झाला होता, रस्त्यालगतची पावसाळी गटारं ठरायची होती. एका सरकारी खात्यातले साहेब मुलांचं शेवटचं सादरीकरण बघायला यायचे होते. मुलांचा नकाशा पटला तर गटारं त्याप्रमाणे, नाहीतर रस्त्याच्या ठेक्यात जे लिहिलंय ते. आणि ठेक्यात खालच्या आळीचं नावही नव्हतं.

खालची आळी म्हणजे लंकाबाईंची आळी, बावीस घरांची. आजूबाजूला प्लॉटवाल्यांनी मुरूम टाकून जमिनी उचलल्या आणि ही आळी बशीच्या बुडासारखी खाली राहिली. गेले दोन पावसाळे घराघरांत गुडघाभर पाणी शिरलं होतं. लंकाबाईंच्या शेजारणीची बाळंतीण लेक पलंगावर पलंग रचून चार दिवस बसली होती. यंदाही गटार झालं नाही, तर तिसरा पावसाळा तसाच जाणार, हे आळीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

फॉर्ममधला सातवा प्रश्न होता, 'पावसाळी पाण्याची समस्या आहे का? होय किंवा नाही.' लंकाबाईंनी बोट करून भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली. चैतालीनं 'होय'वर खूण केली. मग तिला राहवेना, म्हणून तिनं पिशवीतून गटाचा नकाशा काढून ओट्यावर पसरला. "आजी, हे बघा, यंदा आम्ही काय करणार आहोत ते."

नकाशा अमितनं काढला होता. अमित गटातला आर्किटेक्ट, हाताचा मोठा हुशार. मधोमध एक वळणदार निळी रेघ, तिच्या दोन्ही कडांनी हिरवी बाग, बागेत फिरायला पायवाट, आणि दोन्ही अंगांनी येणारी गटारं त्या निळ्या रेघेला मिळालेली. बघणारा खूश व्हावा असं चित्र.

लंकाबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी नकाशा उचलला आणि पार उलटा करून ठेवला, घराचं तोंड जिकडं, नकाशाचं तोंड तिकडं. मग मारुतीच्या देवळावर बोट ठेवलं, विहिरीवर ठेवलं, आणि ते बोट सरळ निळ्या रेघेवर येऊन थांबलं.

"ही काय म्हणायची?"

"नाला. जुन्या नकाशात सापडला आम्हाला. आता बुजलाय, तो पुन्हा मोकळा करायचा. सगळं पाणी त्यात जाईल."

लंकाबाई इतक्या हसल्या की शेळी उठून उभी राहिली. "अगं, ह्यो नाला नाय. ही चारी हाय. पाटाची चारी! ह्या पोरांनी पाण्याला चढायला शिकवलंय का?"

चैतालीला काही कळलं नाही. लंकाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "चल, तुझी गाडी काढ."

वडिलांच्या जुन्या गाडीवर दोघी नव्या डांबरी रस्त्यानं निघाल्या. रस्ता तळहातासारखा सपाट, दोन्ही बाजूंना प्लॉटचे दगड. मध्येच लंकाबाई म्हणाल्या, "थांब. बंद कर गाडी. तोंड आळीकडं कर. गिअर काढ. आता ब्रेक सोड."

चैतालीनं ब्रेक सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग गाडी, कुणी ढकललं नाही की ओढलं नाही, आपसूक उजवीकडं सरकायला लागली आणि हळूहळू वेग घेत खालच्या आळीच्या तोंडापर्यंत गेली. लंकाबाईंनी गाडी परत वर आणायला लावली. चार पावलं पलीकडं, उलट्या तोंडानं उभी करून पुन्हा ब्रेक सोडायला लावला. आता तीच गाडी डावीकडं निघाली.

सहा महिने चैताली या रस्त्यानं येत-जात होती. सपाट, सपाट म्हणत होती. आणि ती एका लांबलचक पाठीच्या कण्यावरून चालत होती, ज्याच्या दोन्ही अंगांना जमीन उतरत गेली होती. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात अशा कण्याला जलविभाजक म्हणतात. परीक्षेत त्याची व्याख्या तिनं दोनदा लिहिली होती, पूर्ण गुण मिळवून.

"चारी उंचावरून जाते पोरी, ओढा खालून," लंकाबाई म्हणाल्या. "चारीनं दोन्ही अंगाला पाणी द्यायचं असतं, ओढ्यानं न्यायचं असतं. देणारा वर आन् नेणारा खाली. तुमचं सगळं गटार उताराच्या उलटं चाललंय. पाणी वर जायाचं नाय, ते आमच्याच घरात यायाचं."

परतताना दोघी चालत आल्या, गाडी हातात धरून. त्या चालण्यात चैतालीला लंकाबाईंचं आयुष्य कळलं. विचारल्याशिवाय सांगायची त्यांना सवय नव्हती, पण आज विचारणारी भेटली होती.

दिंडोरीकडच्या गावातून सोळाव्या वर्षी त्या इथं नांदायला आल्या. नवरा खंडेराव पाटकरी. चारीची दारं उघडायची, ज्याची पाळी असेल त्याच्या वावरात पाणी सोडायचं आणि लोकांची भांडणं अंगावर घ्यायची, हे पाटकऱ्याचं काम. लग्नाला सात वर्षं झाली आणि खंडेरावांना दम्यानं धरलं. दहा पावलं चालले की बसायचे. नोकरी सुटली तर घर बसणार. मग एका सकाळी लंकाबाईंनी खुंटीवरची दारांची किल्ली काढली आणि चारीला लागल्या. त्या एकोणीस वर्षं चालत राहिल्या. हजेरीवर सही खंडेरावांची, पाय लंकाबाईंचे. कालव्याचे साहेब म्हणायचे, "पाणी वेळेवर पोचतंय ना? मग पाय कुणाचे ते मला दिसत नाहीत."

पाणी सोडायची रीत शेवटाकडून. आधी अगदी टोकाच्या वावराला, मग मागं मागं येत चारीच्या तोंडाशी. नाहीतर तोंडाजवळचा पोटभर पितो आणि टोकाचा नुसती ओली माती बघत बसतो. एक वर्ष पाणी कमी होतं आणि वाटेत कुणीतरी चारी फोडून पाणी पळवत होतं. सगळे एकमेकांवर आळ घेत होते. लंकाबाई चारीवर उभ्या राहिल्या, नजर फिरवली आणि सरळ एका बड्या बागायतदाराच्या बांधावर जाऊन म्हणाल्या, "दादा, फोड बुजवा." त्यानं आवाज चढवला, पुरावा मागितला. त्यांनी त्याच्या वावराकडं हात केला. पाळी नसलेल्या त्या एकाच वावरात ओल्या मातीतले किडे टिपायला बगळे उतरले होते. बगळा काही कागद बघून उतरत नाही.

पुढं शहर आलं, चारी बंद झाली, माती टाकून बुजवली, तिच्या कडेनं रस्ता झाला. खंडेराव वारले. निवृत्तिवेतन त्यांच्या नावानं आलं, नोकरीतून निवृत्त होतानाचा निरोप समारंभही त्यांचाच झाला होता, आणि त्या दिवशी लंकाबाईंनी आत बसून चहा केला होता. आता घरामागच्या अकरा गुंठ्यांत झेंडू लावायचा आणि बाजारात नेऊन विकायचा, त्यावर आणि मागं राहिलेल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर त्या एकट्या राहत होत्या. हे त्यांनी कुरकूर न करता सांगितलं. चैतालीला मात्र ऐकताना राग आला आणि रागापेक्षा जास्त, आपण कुणाबरोबर चालतोय याची जाणीव झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं अमितला सांगितलं. अमित वाईट मुलगा नव्हता, पण तीन आठवडे खपून काढलेल्या चित्रावर कुणी पाणी ओतलं तर कोण हसेल? "अगं, मी उपग्रहावरून उंची घेतलीय," तो म्हणाला. "एका आजींच्या सांगण्यावरून सगळं पुसू?"

"पुसू नकोस," चैताली म्हणाली. "मोज."

गटात समाधान नावाचा सिव्हिल इंजिनियर होता. तो म्हणाला, उपग्रहाला घराचं छप्पर आणि आंब्याचा शेंडासुद्धा जमीनच वाटते. एवढ्या सपाट भागात माणसाच्या उंचीचा फरक त्यात सहज हरवतो. मग कॉलेजातून उंची मोजायचं यंत्र आणि आकडे रंगवलेली लांब पट्टी घेऊन तिघं सकाळी सकाळी आळीत हजर झाले.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण इथं आरसा आणलाच होता, तर लंकाबाईंनीही मजा केली. यंत्र मांडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "लिहून ठेवा. चारीचं पाणी वाटायच्या त्या जुन्या वरच्या कुंडीच्या दगडापासून आमचा उंबरा चार हात खाली. आन् आणखी एक वीत."

अमितनं टेप काढून त्यांचा हात मोजला, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. पंचेचाळीस सेंटिमीटर. वीत मोजली, तेवीस. वहीत गुणाकार-बेरीज केली आणि आकडा झाकून ठेवला, दोन मीटर तीन सेंटिमीटर. मग समाधाननं यंत्राला डोळा लावला, तीन ठिकाणी पट्टी धरायला लावली आणि आकडे वजा केले. "दोन मीटर चार," तो म्हणाला. मग यंत्र उचलून दुसऱ्या वाटेनं पुन्हा मोजत आला. "दोन मीटर तीन."

अमित ओट्यावर बसला. चित्राचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडलं नसतं. देवळात बसल्यासारखा तो बसला होता. "आजी, हे तुम्हाला कसं कळतं?"

"एकोणीस वर्षं पाण्यामागं चालले. ते पळालं का आपण पळायचं, ते थांबलं का आपण थांबायचं. मग पायाला कळतं. त्यात काय एवढं?"

पुढचे पंधरा दिवस गटाचा वर्ग लंकाबाईंच्या मागं भरला. त्या चालायच्या, समाधान मोजायचा, चैताली लिहायची, अमित काढायचा. आणि पहिल्यांदाच तो चैतालीला विचारून काढायचा, कारण आजी काय म्हणाल्या याचा नेमका अर्थ तिलाच लागत होता. बाग चारीवरच राहिली, उंचावरची बाग म्हणून. गटारं फिरवली, चारीपासून दोन्ही अंगांना उतरणारी. सगळं जुळलं. एकच गोष्ट राहिली.

या बाजूचं सगळं पाणी आता खालच्या आळीपर्यंत येत होतं. तिथून नदी अर्ध्या किलोमीटरवर. पण पाण्यानं आळीतून बाहेर पडायचं कुठून? पूर्वी इथं ओढा असणारच. जुन्या नकाशात त्याचा मागमूस नव्हता, फार लहान असणार.

"आजी, इथला ओढा कुठून जायचा?" चैतालीनं विचारलं.

लंकाबाई झेंडूची फुलं खुडत होत्या. "लय वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "ध्यानात नाय."

ज्या बाईच्या ध्यानात वीतभराचा फरक होता, तिच्या ध्यानात अख्खा ओढा नव्हता. चैतालीला ते खटकलं. पण तिनं पुन्हा विचारलं नाही. आजींचा चेहरा तिच्याकडं नव्हता. मुलांनी मग आळीच्या बाजूनं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याखालून खोल पाइप दाखवला आणि देवाचं नाव घेतलं.

सादरीकरण बारा मेला होतं. भिंतीभर नकाशे लागले होते. चैतालीनं हट्टानं लंकाबाईंना आणलं होतं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून त्या पहिल्या रांगेत पाय आखडून बसल्या होत्या. बोलायची वेळ आली तेव्हा अमितनं नकाशा दाखवायची काठी चैतालीच्या हातात दिली. "तू सांग. हे तू आणलंयस." चैताली बोलली. चारी, कणा, चार हात एक वीत, सगळं तिनं सांगितलं आणि हे ज्ञान कुणाचं तेही नाव घेऊन सांगितलं. लोकांनी वळून लंकाबाईंकडं पाहिलं. त्या जमिनीकडं बघत होत्या.

खात्यातले साहेब उठले, नकाशाजवळ गेले. माणूस जाणकार होता. "चारीचं पटलं," ते म्हणाले. "आमच्याही लक्षात आलं नव्हतं. पण तुम्ही पाणी आणून आळीत उभं केलंत. पुढं हा पाइप? मोठ्या रस्त्याखाली एवढं खोल जाता येत नाही, खाली दुसऱ्या लाइनी आहेत. पाणी बाहेर काढायची वाट नसेल, तर मला हा नकाशा घेता येणार नाही. मग ठेक्यात आहे ते काम होईल."

चैतालीनं पाइपवरची काठी खाली घेतली. अमित वहीत उंचीचे आकडे शोधू लागला. शिक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"वाट हाय," लंकाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. भिंतीवरचा नकाशा काही उलटा करता येईना, म्हणून त्यांनी मान वाकडी करून देऊळ शोधलं, विहीर शोधली, आपलं घर शोधलं. मग घरामागच्या पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि त्याच्या मधोमध, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, तिरपं ओढत नदीपर्यंत नेलं.

"हितून. हितनं ओढा जायाचा. म्होरं नदीपतोर पडीक सरकारी जागा हाय."

साहेब पुढं वाकले. "इथं तर शेत दाखवलंय."

"आता शेत हाय. तवा ओढा वावर चिरून जायाचा. ह्या अंगाला चार गुंठं, त्या अंगाला पाच. बैल वळत नव्हता. मग आम्ही बुजवला." त्यांचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "मालकांना दमा होता. ते बसून दगडं निवडायचे, माती मी टाकली. तीन उन्हाळे टाकली. तवा भोवती घरं नव्हती, पाणी वावरांत जिरायचं, कुणाला तरास नव्हता. मग घरं झाली. आता पाणी शिरतं तवा आळीतल्या बायका देवाला बोल लावतात. मी पण त्यांच्यात बसते. बोलत नाय."

चैतालीचे डोळे भरून आले. तिनं आजवर या बाईला पाण्याचं सगळं ठाऊक असल्याचं नवल केलं होतं. ते नवल आता तिला फार लहान वाटलं.

साहेबांनी नकाशावरचे उंचीचे आकडे ताडून पाहिले. "हे बरोबर आहे. उतारही जुळतो. पण सहा मीटर रुंदी जाईल, दोन्ही कडांना यंत्रं फिरतील, उरेल त्यात काही पिकायचं नाही. अशा ठिकाणी मालक ऐकत नाही, बाई. प्रकरण कोर्टात जातं, दहा वर्षं जातात."

"मालकीण मीच हाय," लंकाबाई म्हणाल्या. "ऐकते."

साहेब मोबदल्याबद्दल काही सांगू लागले. "ते बघू," म्हणून लंकाबाईंनी मान हलवली, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं काम होतं. मग त्यांनी चैतालीकडं पाहिलं. "काढ की रेघ. मी हात फिरवलाय तिथनं. वाकडी झाली तरी चालंल, ओढा वाकडाच व्हता."

चैतालीनं निळा पेन घेतला आणि झेंडूच्या पिवळ्या चौकोनातून रेघ ओढली. साहेबांनी खिशातून पेन काढून त्या रेघेखाली तारीख टाकली आणि सही केली.

लंकाबाई परत खुर्चीवर येऊन बसल्या. चैताली त्यांच्याजवळ खाली बसली. तिनं त्यांचा हात धरला. लंकाबाईंनी थोडा वेळ धरू दिला. मग कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून तिच्यापुढं धरला, त्यावर नंबर लिहिला होता.

"ह्या नर्सरीवाल्याला फोन लाव," त्या म्हणाल्या. "दसऱ्याच्या झेंडूची चार हजार रोपं सांगून ठेवलीत. म्हणावं, यंदा नको. उगाच तयार करून बसंल बिचारा."